सहा ते अकराच्या वेळात बसवलेली मुंबई

आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून डोंबिवलीत राहणाऱ्या भाच्याने आम्हा दोघांना जी भेट दिली, ती होती दक्षिण मुंबईतील एका खाद्यफेरीची. तिसरे तिकीट त्याने स्वतःसाठी काढले होते. माणशी ३,२०० रुपये, वेळ सायंकाळी सहा ते रात्री अकरा, थांबे नऊ, आणि मुंबईचे खाणे, संस्कृती व नाइटलाइफ एकाच संध्याकाळी दाखवण्याचे आश्वासन. तिघांच्या या रकमेत मिरजेतल्या आमच्या घरचा महिन्याचा किराणा भरतो, हा विचार मनात आला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु भेट परत करता येत नव्हती, आणि गेली कित्येक वर्षे लग्नामुंजींसाठी मुंबईला येऊनही कार्यालय, नातेवाइकांचे घर आणि स्थानक यांपलीकडे आम्ही गेलेलो नव्हतो. म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात महालक्ष्मी एक्स्प्रेसने आलो, दादरला एका साध्या लॉजवर उतरलो आणि संध्याकाळी ठरल्या जागी जाऊन उभे राहिलो. फेरी चालवणाऱ्या संस्थेचे नाव येथे देत नाही. खटकलेल्या गोष्टींपैकी काही तिच्या ढिलाईमुळे घडल्या असल्या, तरी मोठा दोष शहराची रात्र पाच तासांच्या वेळापत्रकात बसवता येते या समजुतीचा आहे आणि ती समजूत काही एकट्या तिचीच नसावी.

ठरलेली जागा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचा पदपथ. गटात आठांहून अधिक माणसे नसतील असे तिकिटावर छापलेले होते. प्रत्यक्षात तेरा जण जमले. बंगळूरुचे एक जोडपे, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या दोन मैत्रिणी, इंदूरचे एक कुटुंब आणि आम्ही तिघे, असा तो काफिला संध्याकाळच्या गर्दीत एकत्र ठेवणे हेच वाट दाखवणाऱ्या मुलाचे निम्मे काम होऊन बसले. हा मुलगा मराठी, पंचविशीतला. सांगायचे ते सर्वांना कळावे म्हणून इंग्रजीतून सांगे आणि मग आमच्याजवळ येऊन दोन वाक्ये मराठीत बोले. त्याची तयारी मात्र पक्की होती. टर्मिनसची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रेखाटली, ती १८८७ मध्ये खुली झाली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, एवढे कुठल्याही माहितीपत्रकात मिळते. परंतु फाटकावरील सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा, भिंतींवरची पाने-फुले आणि प्राणी कोरण्यात सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, आणि समोरच उभी असलेली महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्स यांची, हे त्याने एकेका दगडाकडे बोट दाखवून सांगितले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली तेव्हा या इमारतीचा पत्ताही नव्हता, ही गोष्ट मला त्याच्यामुळेच प्रथम नीट ध्यानात आली.

पहिला थांबा समोरच्या 'आराम'मधील वडापावचा होता आणि सबंध फेरीत सर्वांत योग्य वेळी खाल्लेला पदार्थ तोच. सव्वासहा वाजले होते. कचेऱ्या सुटल्या होत्या, माणसे स्थानकाकडे धावत होती आणि धावता धावता दोन मिनिटे थांबून, हातातल्या कागदात वडापाव धरून, मिरचीचा तुकडा तोडून पुढे जात होती. सौ. बसायला जागा शोधू लागली तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काकू, हा उभ्यानेच खायचा. बसलात तर गाडी चुकेल." आम्हाला कोणतीही गाडी पकडायची नव्हती, तरी त्याचे म्हणणे पटले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असे मानले जाते. वड्याला पाव जोडण्यामागचे कारण त्या पदपथावर उभे राहिले की वेगळे विचारावे लागत नाही. ताट नको, चमचा नको, हात धुवायला पाणी नको, आणि घर अजून दीड तास दूर. हा पदार्थ दुपारी बारा वाजता सांगलीच्या एखाद्या हॉटेलात बशीत घालून समोर आला, तर तो केवळ बटाटेवडा आणि पाव असतो.

येथून पुढे मात्र फेरीचे गणित बिघडू लागले. क्रॉफर्ड मार्केटपाशी, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईपाशी, आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. १८६९ च्या या मंडईच्या प्रवेशद्वारांवर जॉन लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेले शिल्पपट आहेत, असे सांगून त्याने वर पाहायला लावले. तेराही जणांनी माना वर केल्या आणि कोणालाही काही दिसले नाही. दिवसाउजेडी पाहायची वस्तू अंधारात दाखवण्याचे कारण इतकेच की रस्त्यापलीकडे 'बादशाह'मध्ये आमच्यासाठी टेबले राखून ठेवलेली होती. १९०५ पासून चालत आलेल्या या दुकानातला फालुदा उत्तम आहे, याविषयी वाद नाही. सब्जा, शेवया, गुलाबाचे सरबत, थंड दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, असा तो पेला एकट्याने संपवणे म्हणजे रात्रीच्या जेवणाला रजा देणे होय. आमच्या हाती तो जेवणाआधी, सात वाजता ठेवण्यात आला आणि त्यानंतर पाऊण तासाने मटण खायचे होते. भर उन्हात मंडईत खरेदी करून दमलेल्या माणसाने चार वाजता त्या दुकानात शिरावे आणि फालुदा मागवावा, असा त्या पदार्थाचा न्याय आहे. थांब्यांच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर बसवला गेला, कारण पायी चालण्याच्या वाटेवर ते दुकान दुसरे लागते.

मोहम्मद अली रोडने पुढे जात आम्ही भेंडी बाजारात शिरलो. या नावाविषयी दोन कथा आहेत. बाजारामागची वस्ती या अर्थाच्या 'बिहाइंड द बझार' या इंग्रजी शब्दांचा अपभ्रंश होऊन भेंडी बाजार झाला, ही एक. आणि येथे भेंडीची झाडे पुष्कळ होती म्हणून हे नाव पडले, ही दुसरी. भेंडीचे झाड म्हणजे भाजीचे नव्हे, तर पिवळ्या फुलांचे, समुद्रकाठी वाढणारे मोठे झाड. फेरीत पहिलीच कथा सांगितली गेली, कारण तिच्यावर हमखास हशा मिळतो. मला झाडांची कथा अधिक विश्वासार्ह वाटते, परंतु ते असो. सुमारे साडेसोळा एकरांवरील या जुन्या वस्तीचा सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टमार्फत पुनर्विकास चालू असल्याने एका बाजूला उंच नवे मनोरे आणि त्यांच्या पायाशी अजून उरलेल्या लाकडी सज्जांच्या चाळी, असे दृश्य दिसते. पाच वर्षांनी ही फेरी याच वाटेने नेता येईल असे मला वाटत नाही.

येथेच मी या फेरीचे सर्वाधिक गुण कापले. तिच्या जाहिरातीत संस्कृती हा शब्द ठळक अक्षरांत आहे आणि भेंडी बाजारात पाऊण तास काढूनही तेथील गाण्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ याच वस्तीत राहिले आणि त्यांच्या गायकीला भेंडीबाजार घराणे असे नाव पडले. अंजनीबाई मालपेकर यांनी नजीर खाँ यांच्याकडे तालीम घेतली आणि छज्जू खाँ यांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर काही काळ शिकल्या. मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांचे भोपळे वाळत पडलेले पाहत आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारी गाणी ऐकत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे ही उणीव मला इतरांहून जास्त टोचली असेल. पण एखाद्या बाजाराच्या नावाचे घराणे देशात किती असतील? खाण्याच्या दोन थांब्यांमध्ये रस्त्यावर उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगता येईल एवढी ही गोष्ट आहे.

पाऊण तास गेला तो निहारीत. एका जुन्या उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर आम्हाला नळी निहारी आणि खमिरी रोटी वाढण्यात आली. मंद आचेवर रात्रभर शिजलेले मटण, बोटांना चिकटणारा दाट रस्सा, वर आल्याचे लांबट काप, हिरवी मिरची आणि लिंबू. पदार्थात खोट काढायला जागा नव्हती. फालुद्याने भरलेल्या पोटी तेरांपैकी नऊ जणांनी दोन-दोन घासांवर हात आखडला, ही वेगळी गोष्ट. मला प्रश्न पडला तो नावाचा. नहार म्हणजे दिवस, सकाळ. निहारी हा मुळात पहाटेच्या नमाजानंतरचा, कष्टाच्या कामाला जाण्यापूर्वीचा नाश्ता. रात्रभर शिजायचे कारणही तेच. तो आम्ही रात्री आठ वाजता का खात होतो? मी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारले. तो हसला आणि हळूच म्हणाला, "काका, सकाळी सहाला कोण तिकीट काढून येणार? मी स्वतः येतो कधीतरी, रात्रभर जागलो असलो तर. तेव्हाची चव निराळी लागते." हे वाक्य त्याने इंग्रजीतून सर्वांना सांगितले असते, तर फेरीची किंमत तेथेच वसूल झाली असती. मालपुव्याचेही असेच. मिनारा मशिदीच्या परिसरात तो बाराही महिने मिळतो, परंतु त्या गल्लीत खरी माणसांची दाटी होते ती रमजानच्या रात्री, रोजा सुटल्यानंतर. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी दुकानात आम्हीच होतो आणि मालपुवा तेरा भागांत कापून दिला गेला.

बोहरी मोहल्ल्यातील आइस्क्रीमविषयी मात्र केवळ चांगलेच लिहायचे आहे. 'ताज' हे दुकान १८८७ पासूनचे, म्हणजे बोरीबंदरच्या त्या इमारतीच्या वयाचे. संच्यात हाताने फिरवून केलेले हे आइस्क्रीम आमच्याकडच्या पॉट आइस्क्रीमचे थोरले भावंड म्हणावे असे आहे, फक्त फळ अधिक आणि साखर कमी. हंगाम होता म्हणून स्ट्रॉबेरीचे घेतले. ऑस्ट्रेलियाच्या दोघींनी दुसऱ्यांदा मागवले, त्याचे वेगळे पैसे घेतले गेले नाहीत. हा मोठेपणा संस्थेच्या खात्यावर जमा करायला हवा.

उरलेल्या थांब्यांपैकी कबाब आणि पानाचा विडा यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मरीन ड्राइव्हवर टॅक्सीने नेऊन वीस मिनिटे बसवण्यात आले. तेथील आर्ट डेको इमारती आणि ओव्हल मैदानापलीकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या, एवढे सांगून झाल्यावर तो मुलगा शहाणपणाने गप्प बसला. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसांना काही सांगू नये, एवढी जाण त्याला होती.

शेवटचा थांबा नाइटलाइफचा. कुलाब्याच्या एका गल्लीत, इमारतीच्या गच्चीवरील बारमध्ये आम्हाला दहा वाजता नेले. एक पेय तिकिटात धरलेले होते; ते मद्य असेल की सरबत हे तेथे गेल्यावर ठरायचे. भाच्याचे वय तेवीस. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस वर्षे आणि व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण लागतात, त्यामुळे त्याला तिकिटात धरलेले रमचे कॉकटेल मिळेना आणि बिअर हवी असल्यास वेगळे पैसे मागण्यात आले. नियम बरोबर होता. तिकीट विकताना वय विचारून घेतले असते तर चार लोकांसमोर ओळखपत्र काढून उलटसुलट बोलण्याची वेळ आली नसती. आवाज इतका की शेजारी बसलेल्या सौ.शी मी खुणांनी बोलत होतो. तिने मागवलेल्या लिंबू सोड्याच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे शुल्क परस्पर बिलात जोडता येत नाही. ते ऐच्छिक आहे असे शांतपणे सांगितल्यावर कमी करून मिळाले, पण त्यासाठी दोनदा व्यवस्थापकाला बोलवावे लागले. गच्चीवरून खाली उतरायचा दुसरा जिना कोठे आहे, असेही मी विचारले आणि वाढप्याला ते ठाऊक नव्हते. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री गच्चीवरच्या आगीत चौदा माणसे गेली, त्या शहरात हा प्रश्न पाहुण्याने विचारावा लागू नये. तेथे बसून मला मुंबईचे असे काही दिसले नाही. हीच गाणी, हेच निळे दिवे आणि हेच बटाट्याचे काप पुण्यातही मिळतात आणि आता कोल्हापुरातही.

अकराला पाच मिनिटे असताना फेरी संपली असे जाहीर झाले. अकराच का, असे विचारले तेव्हा कळले की शहर झोपते म्हणून नव्हे, तर तो मुलगा बदलापूरला राहतो आणि मध्यरात्रीनंतरची शेवटची कर्जतकडची गाडी चुकली तर पहाटेपर्यंत फलाटावर बसावे लागते म्हणून. त्याच्या आजोबांची पिढी परळच्या गिरणीत होती. आजी खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीनुसार जेवायला येणारी गावाकडची बिऱ्हाडाविना राहणारी माणसे, त्यांच्यासाठी पहिल्या पाळीची भाकरी वेगळी आणि रात्रपाळीची वेगळी. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते अशाच खानावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी, आणि जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने त्या खानावळींचे जेवणारेच नाहीसे केले. हे सारे त्याने चर्चगेटकडे चालताना, मराठीत, आम्हा तिघांना सांगितले. त्याच संस्थेची दुसरी एक फेरी लोअर परळच्या पबांमधून जाते, म्हणजे गिरण्यांच्या जागेवरूनच, आणि तीही तोच नेतो. खानावळीची गोष्ट मात्र तेथेही सांगायची सोय नाही, कारण कोणत्या थांब्यावर काय आणि किती मिनिटे बोलायचे हे छापून दिलेले असते.

निरोप घेताना मी विचारले, "तुमचे आईवडील गावाहून आले, तर तुम्ही त्यांना कोठे न्याल?" त्याने आमच्या तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने सहा ओळी लिहून दिल्या. प्रत्येक ओळीत ठिकाणाच्या आधी वेळ लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या ओळींप्रमाणे हिंडलो आणि तिघांचे मिळून जे पैसे लागले ते एका तिकिटाच्या रकमेपर्यंतही गेले नाहीत. सकाळी आठ वाजता धोबीतलावला 'कयानी'त, १९०४ पासून उभ्या असलेल्या इराण्याकडे, ब्रून मस्का आणि चहा. कधीकाळी मुंबईत शेकड्यांनी असलेली ही हॉटेले आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कडक कवचाचा ब्रून चहात बुडवल्यावर वर तरंगणारे लोण्याचे थेंब पाहत, वर्तमानपत्राची एकेक पुरवणी वाटून घेऊन, कोणीही उठवत नाही म्हणून तासभर बसलेली वयस्क माणसे हाच तेथला खरा देखावा, आणि तो सकाळीच असतो. तेथून गिरगावात ठाकूरद्वारच्या 'विनय'मध्ये मिसळ. कोल्हापूरच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने मुंबईच्या मिसळीला नावे ठेवायची असतात, तो शिष्टाचार मी पाळला. तिचा रस्सा आमच्याइतका तिखट नाही, किंचित गोडसर आहे, आणि मी तो दुसऱ्यांदा मागून घेतला. केशवजी नाईकांच्या चाळीवरून जाताना, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये ज्या चाळीत झाला ती हीच, हे भाच्याने फोनवर वाचून दाखवले आणि मग तो कामावर गेला. खोताच्या वाडीतील लाकडी जिन्यांची घरे बाहेरूनच पाहावीत. तेथे माणसे राहतात आणि खिडकीत कॅमेरा धरणाऱ्या पाहुण्यांना ती कंटाळलेली असणार. दुपारी भुयारी मेट्रोने दादरला परतलो. ऑक्टोबर २०२५ पासून ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झाली आहे आणि गिरगाव ते दादर हे अंतर घाम न येता कापता येणे ही मुंबईत लहान गोष्ट नव्हे. 'प्रकाश'मधले पियूष आणि साबुदाणा वडा दुपारी साडेतीनला खावा असे लिहिले होते. जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू झालेली नसते, एवढाच त्यातला हेतू. आम्हाला बसायला लगेच जागा मिळाली.

त्याच्या यादीतील चौथी ओळ अशी होती: 'रात्री आठ, शिवाजी मंदिर, मध्यंतरात वडा.' नाटकाचे नाव लिहिलेले नव्हते. जे लागले असेल ते पाहावे, असा अर्थ मी काढला. शिवाजी मंदिर १९६५ मध्ये उभे राहिले, दादर पश्चिमेला प्लाझा सिनेमाच्या समोर. आत जाण्यापूर्वी पुढच्या आठवड्याच्या प्रयोगांच्या पाट्या वाचत उभी असलेली माणसे, तिकीटखिडकीवरच्या तक्त्यात खुर्ची निवडताना होणारी नवरा-बायकोची कुजबुज, मोगऱ्याचा वास, तिसऱ्या घंटेबरोबर विझणारे दिवे. दूरच्या उपनगरांतून कामावरून परस्पर आलेली मंडळी डबा मांडीवर ठेवून बसलेली होती. भाचाही ऐरोलीच्या कचेरीतून तसाच धावत आला. पहिला अंक संपताच अर्धे प्रेक्षागृह एकाच दिशेने निघाले, तेव्हा आम्हाला त्या ओळीचा उलगडा झाला. बटाटेवड्यासाठी लागलेली ती रांग कोणी सांगितल्याशिवाय दोन ओळींची होते, सुटे पैसे आधीच हातात तयार असतात, आणि पंधरा मिनिटांत शेकडो माणसे वडा खाऊन, चहा पिऊन, पहिल्या अंकातल्या नायकाची उणीदुणी काढून पुन्हा खुर्चीत बसलेली असतात. वडा गरम होता, आत आले-लसूण भरपूर, चटणी पातळ. सौ. या वेळी उभ्यानेच खात होती. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका आजींनी तिला विचारले, "पहिल्यांदाच आलात का?" आणि उत्तराची वाट न पाहता, दुसरा अंक पहिल्यापेक्षा बरा आहे, मी तिसऱ्यांदा पाहते आहे, असे सांगून टाकले.

प्रयोग अकराच्या आत संपला आणि पडदा पडल्यापडल्या कडेच्या खुर्च्यांवरची माणसे टाळ्या वाजवत वाजवतच दाराकडे सरकली. त्यांनाही गाडी पकडायची होती. मुंबईच्या मराठी माणसाचे नाइटलाइफ ते हे: आठला सुरू होते, मध्यंतरात वडा खाते आणि अकराला स्थानकाकडे धावते. पाच तासांच्या फेरीत ते बसत नाही असेही नाही. ३,२०० रुपयांतून गच्चीवरचा बार वगळून नाटकाचे तिकीट घालता येईल. भाषा न कळणाऱ्या पाहुण्यालाही मध्यंतराची रांग कळेल.

फेरीला मी पाचपैकी तीन गुण देतो. त्यातला दीड त्या मुलाचा, एक बोहरी मोहल्ल्यातल्या आइस्क्रीमचा आणि अर्धा पहिल्या वडापावचा. ज्यांच्या हाती मुंबईत एकच संध्याकाळ आहे, ज्यांना भेंडी बाजारात एकट्याने शिरायला संकोच वाटतो किंवा ज्यांना गल्ल्या आणि भाषा दोन्ही अनोळखी आहेत, त्यांनी ती अवश्य घ्यावी. मात्र दुपारचे जेवण वगळावे, फालुदा दोघांत एक मागावा, गटात किती माणसे असतील ते आदल्या दिवशी फोन करून लेखी मागून घ्यावे आणि पंचविशीच्या आतले कोणी बरोबर असल्यास पेयाचे आधीच ठरवून ठेवावे. ज्यांना दोन दिवस आहेत आणि मराठी येते, त्यांना ती घेण्याची गरज नाही.

यादीतील पाचवी ओळ, 'सकाळी सात, माटुंगा, कॉफी', राहून गेली. तेथे 'कॅफे मद्रास'बाहेर नाव नोंदवून पदपथावर ताटकळावे लागते असे भाच्याने सांगितले, आणि आम्हाला सकाळच्या कोयना एक्स्प्रेसने निघायचे होते. सहावी ओळ होती 'पहाटे चार, दादरचा फूलबाजार'. चार वाजता उठणे आमच्याच्याने झाले नाही. पुलाखालच्या त्या बाजारात आम्ही सहाला पोहोचलो, तेव्हा घाऊक व्यवहार आटोपत आला होता, रिकाम्या करंड्या एकात एक रचल्या जात होत्या आणि पायाखाली झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल झाला होता. सौ.ने शेवंतीची पाव किलो फुले मागितली. विक्रेतीने उरलेली सगळीच पिशवीत ओतली आणि म्हणाली, "घ्या ताई, आता कोण येतंय? उशीर केलात."